सखुबाईंची नवी सहामाही

१८९७ सालच्या जून महिन्यात कल्याणची मुलींची शाळा चार महिन्यांनी पुन्हा उघडली. भिंतींना नवा चुना दिलेला होता आणि जमिनीला औषधाचा उग्र वास येत होता. चौथीच्या वर्गात आधी तेवीस मुली होत्या, त्या दिवशी चौदा आल्या. चौदाजणींना बसायला जागा भरपूर होती, तरी त्या भिंतीशी दाटीवाटीने बसल्या आणि खिडकीजवळचा सतरंजीचा तुकडा त्यांनी मोकळा सोडला. सखुबाईंनी हजेरीपट उघडला. सहावं नाव मालनचं होतं. पाचवं नाव घेऊन त्या थांबल्या, घोटभर पाणी प्यायल्या आणि एकदम सातवं नाव वाचलं. एकाही मुलीने मान वर केली नाही.

सखुबाई मूळच्या ठाण्याच्या. चौदाव्या वर्षी नवरा गेला, पाच वर्षं सासरी चुलीपुढे गेली. मग थोरल्या भावाने सगळ्यांचं बोलणं सोसून त्यांना पुण्याला मास्तरीण होण्यासाठी शिकायला पाठवलं. कल्याणला नेमणूक झाली तेव्हा त्या पंचविशीच्या होत्या. पारनाक्याजवळ एका घराच्या माडीवर एकट्या राहत. अलवणातली बाई हातात छत्री घेऊन शाळेत जाते, हे पाहायला सुरुवातीला लोक ओट्यावर येऊन उभे राहायचे. पुढे तेही सवयीचं झालं.

त्यांचा आवडता विषय निबंध. इतर वर्गांत निबंध म्हणजे पाठांतर होतं. गाय हा उपयुक्त पशू आहे, तिला चार पाय असतात, असं मुली घोकून यायच्या आणि उतरवून काढायच्या. सखुबाईंना त्याचा राग येई. "पुस्तकातली गाय मला माहीत आहे," त्या म्हणत, "तुमच्या गोठ्यातली सांगा. जे डोळ्यांनी पाहिलंत ते खरं खरं लिहा. खरं लिहिलेलं कधी चुकत नाही."

मुलींना हे पटलं, आवडलंही. ठकू नावाच्या मुलीने लिहिलं की आमची गाय आत्याचे केस चाटते आणि आत्या तिला शिव्या देते. सगळा वर्ग पोट धरून हसला. तेव्हापासून मुली निबंधाच्या तासाची वाट पाहू लागल्या. त्यांत सगळ्यात पुढे होती मालन. काळुराम नावाच्या तांदळाच्या व्यापाऱ्याची ही मुलगी अकरा वर्षांची होती. तिचं अक्षर टपोरं होतं आणि एकदा बोरू हातात घेतला की कागद भरल्याशिवाय ती थांबत नसे.

त्या वर्षी थंडीत मुंबईकडून गाठीचा ताप कल्याणात आला. आधी उंदीर पडले, मग माणसं. गावाबाहेर माळावर तट्ट्यांच्या झोपड्या उभ्या राहिल्या. आजारी माणसाला तिकडे नेत, घरच्यांना वेगळ्या झोपडीत ठेवत, आणि घराची कौलं काढून आत ऊन सोडत. तिकडे गेलेलं माणूस परत येत नाही अशी लोकांची खात्री झाली होती. म्हणून आजार लपवला जाई. ताप आलेल्या माणसाला माळ्यावर, गवताआड, कणगीमागे निजवत आणि खाली नेहमीसारखा संसार चालू ठेवत.

शाळा अजून बंद झाली नव्हती. सखुबाईंनी मुलींना निबंध घातला, "आमच्या घरातले एक माणूस." दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी कागद आणून दिले. दुपारच्या सुट्टीत ते घेऊन त्या माडीवर वाचायला बसल्या. चौथा कागद मालनचा होता.

"आमच्या घरातले माणूस माझी आई. तिला माळ्यावर निजवली आहे. तिच्या काखेत गाठ आली आहे. वडील म्हणतात कोणाला सांगू नको. पण बाई म्हणाल्या खरे लिहा, म्हणून मी लिहिते."

 मालन रोज तेवीस मुलींत येऊन बसत होती. कालच तिने ठकूच्या डब्यातली पोळी खाल्ली होती. सखुबाईंनी पदर खांद्यावरून घेतला आणि कागद मुठीत धरून त्या सरळ साथीच्या कामासाठी उघडलेल्या कचेरीत गेल्या. तिथे त्र्यंबकराव नावाचे कारकून होते. ते म्हणाले, "बाई, काळुशेट मोठा माणूस आहे. नुसत्या तोंडी सांगण्यावर त्याच्या घरात शिरायचं म्हणजे पंचाईत. पुरावा काय?"

सखुबाईंनी मूठ उघडली.

त्या क्षणाबद्दल त्या पुढे आयुष्यभर विचार करत राहिल्या. खबर देणं चूक होतं असं त्यांना कधी वाटलं नाही. पण कागद पुढे करण्यावाचून दुसरं काही करता आलं असतं का? मी स्वतः पाहिलं असं म्हणता आलं असतं. आधी त्या घरी जाता आलं असतं. आपल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, उलट आपलीच नोकरी जाईल, ही भीती त्या वेळी त्यांच्या मनात होती, आणि तीच त्यांना सगळ्यात जास्त टोचत असे.

त्याच संध्याकाळी, शाळा सुटता सुटता, शाळेसमोरच्या रस्त्यावरून एक डोली आली. पुढेमागे शिपाई होते. मुलींना आत ठेवून सखुबाई एकट्या दाराशी उभ्या होत्या. डोली त्यांच्यासमोर आली तसा पडदा बाजूला झाला. आतल्या बाईचा चेहरा तापाने लाल झाला होता. तिने सखुबाईंकडे पाहिलं आणि शेजारणीला विचारावं इतक्या साध्या आवाजात विचारलं, "मालन सुटली का हो शाळेतून?"

सखुबाईंच्या तोंडून शब्द फुटला नाही. डोली पुढे गेली. मालन दुपारच्या सुट्टीनंतर शाळेत आलीच नव्हती, शिपायांनी तिला घरच्यांबरोबर माळावर नेलं होतं. तापात त्या बाईला ते कळलं नसावं. तिसऱ्या दिवशी मालनची आई गेल्याचं समजलं. त्या आठवड्यात शाळा बंद झाली.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा हे सगळं गावाला ठाऊक होतं. सखुबाईंना कोणी वाईट बोललं नाही. उलट, तुमच्यामुळे शेजारपाजार वाचला, असं दोघातिघांनी सांगितलं. पण ओट्यावर बोलत बसलेल्या बायका त्यांना पाहून गप्प होत.

नव्या सहामाहीच्या पहिल्या निबंधाला त्यांनी मुद्दाम सोपा विषय दिला, गाय. मुलींनी खाली मान घालून लिहिलं. वर्गात बोरूंची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. कागद गोळा करून सखुबाई वाचू लागल्या. "गाय हा उपयुक्त पशू आहे. तिला चार पाय असतात. आमच्या घरी सर्व खुशाल आहे." दुसरा कागद घेतला. "गाईपासून दूध मिळते. आमच्या घरी सर्व खुशाल आहे." ठकूच्या कागदावर आत्या नव्हती. शेण, गोमूत्र, शिंगे दोन, आणि आमच्या घरी सर्व खुशाल आहे.

चौदाही कागदांवर शेवटचं वाक्य तेच होतं.

"हे कोणी सांगितलं तुम्हाला लिहायला?" त्यांनी विचारलं.

मुली एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी ठकू उठली. "कोणी नाही, बाई. आई म्हणाली, बाईंनी काहीही विचारलं तरी घरी सगळं बरं आहे असंच सांगायचं."

"तुझी आई म्हणाली?"

"सगळ्यांच्याच आया म्हणाल्या."

पुढचे तीन आठवडे असेच गेले. विषय कोणताही असो, पावसाळा, खाडी, संक्रांतीचा सण, कागदाच्या तळाशी तेच वाक्य येई. सखुबाई रागावल्या नाहीत. रागावण्याचा हक्क आपल्याला उरला आहे असं त्यांना वाटत नव्हतं. शाळा सुटायची घंटा झाली की त्या दाराशी येऊन उभ्या राहत. रस्त्यावर कोणी नसलं तरी तोच साधा आवाज कानाशी येई, "मालन सुटली का हो?" एकदा त्यांनी भानावर नसताना "आज आली नाही" असं मोठ्याने उत्तर दिलं. दारातून बाहेर पडणाऱ्या मुली थबकल्या आणि मग धावत सुटल्या. त्या दिवसापासून बाईंना बाहेरची बाधा झाली आहे असं गावात बोललं जाऊ लागलं. दोन मुलींची नावं शाळेतून कमी झाली.

मग एके दिवशी मालन आली.

तिच्या आत्याने तिला दारापर्यंत आणून सोडलं आणि आत न येता ती परत गेली. मालन बारीक झाली होती. ती खिडकीजवळच्या मोकळ्या जागी जाऊन बसली. मुलींनी अंग चोरलं. निबंधाचा तास नव्हता, गणित होतं. मालनने सगळी गणितं बरोबर सोडवली. दुपारी सगळ्या गेल्या तरी ती पाटी आवरत बसून राहिली. सखुबाई तिच्याजवळ जाऊन जमिनीवर बसल्या. 

मालननेच विचारलं, "बाई, मी खोटं लिहिलं असतं तर आई असती ना?"

"नाही गं, बाळ. तो आजारच तसा असतो."

"वडील म्हणाले मी आईला धरून दिली."

"कधी म्हणाले?"

"कचेरीत. त्या कारकुनांनी माझा कागद वाचला तेव्हा. आता ते काहीच म्हणत नाहीत. माझ्याशी बोलतच नाहीत. काही हवं असलं तर आत्याला सांगतात, तिला सांग म्हणून." हे सगळं ती गणित सांगावं तसं सांगत होती.

सखुबाई उठल्या. छत्रीही न घेता त्या तशाच मालनबरोबर तिच्या घरी गेल्या.

काळुशेटचं घर बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. छपरावर नवी कौलं होती, जुन्या काळ्या कौलांच्या शेजारी लालभडक दिसत होती. काळुशेट गादीवर एकटे बसले होते. चाळिशीचा भरदार माणूस, पण अंगरखा खांद्यावरून सैल लोंबत होता. सखुबाईंना पाहून ते उठले नाहीत, पण जा असंही म्हणाले नाहीत. मालन आत गेली.

"काळुशेट," सखुबाई उभ्या उभ्याच म्हणाल्या, "मुलीचा यात काही दोष नाही. खरं लिहा असं मी तिला सांगितलं होतं. तो कागद कचेरीत मी नेऊन दिला. धरून दिलं असेल तर मी दिलं. जे बोलायचं ते मला बोला."

काळुशेट तांदळाच्या पोत्याकडे बघत म्हणाले, "सगळे सांगतात तुम्ही बरोबर केलंत. असेल. शेजारच्याची चार पोरं जगली. मला ते कळतं, बाई. पण माझी बायको तट्ट्याच्या पलीकडं मेली आणि मी अलीकडं उभा होतो. ती शेवटचं काय बोलली, कुणाशी बोलली, मला ठाऊक नाही."

तेव्हा सखुबाईंनी डोलीची गोष्ट सांगितली. ती बाई काय म्हणाली तो शब्दन् शब्द सांगितला, आणि आपण उत्तर दिलं नाही हेही सांगितलं. आजवर हे त्या कोणापाशी बोलल्या नव्हत्या.

काळुशेटनी डोळ्यांवर उपरणं धरलं. थोड्या वेळाने ते म्हणाले, "त्या कागदावर पुष्कळ लिहिलेलं होतं. कारकुनानं वरच्या दोन ओळी वाचल्या आणि मिटून ठेवला. पान दोन्ही बाजूंनी भरलं होतं, मी पाहिलं. खाली काय होतं?"

सखुबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की त्यांना ते माहीत नाही. गाठीचं वाक्य आणि त्याच्या पुढची एक-दोन वाक्यं वाचून त्या उठल्या होत्या. पान उलटलंच नव्हतं. मुलींना लिहायला शिकवणारी ही बाई, आणि वर्गातल्या सगळ्यात चांगल्या मुलीचा निबंध तिने शेवटपर्यंत वाचला नव्हता.

"मी आणते," एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या त्र्यंबकरावांकडे गेल्या. कागद कचेरीच्या दप्तरी जमा झाला होता, परत देता येत नव्हता. पण त्र्यंबकरावांचाही धाकटा भाऊ एप्रिलमध्ये माळावर गेला होता. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, गठ्ठा सोडला आणि म्हणाले, "इथेच बसून नक्कल करून घ्या. मी चहा घेऊन येतो."

सखुबाई कोपऱ्यातल्या मेजाशी बसल्या. मालनचं टपोरं अक्षर समोर होतं. त्या एकेक ओळ वाचत आणि उतरवत गेल्या. पान उलटून शेवटपर्यंत आल्यावर त्यांचा हात थांबला. ती शेवटची ओळ गाळली असती तर जगात कोणालाही कळलं नसतं. त्यांनी बोरू शाईत बुडवला आणि तीही लिहिली.

काळुशेटना मोडी येत होती, व्यापाराचं सगळं लिखाण मोडीत. शाळेतलं बालबोध अक्षर त्यांना नीट लागत नसे. सखुबाईंनी नक्कल पुढे केली तेव्हा त्यांनी ती हातात धरली, उलटसुलट केली आणि आतल्या दाराकडे पाहिलं. मालन तिथे उभी होती. सखुबाईंनी कागद तिच्या हातात दिला. "तुझाच आहे. वाच."

मालन शाळेत वाचतात तशा एकसुरी आवाजात वाचू लागली. गाठीची ओळ आली तेव्हा ती अडखळली, पण थांबली नाही.

"आईला खाली येता येत नाही. म्हणून भाकरी मी करते. आई वरून फळीच्या फटीतून बघते आणि सांगते, पीठ घट्ट मळ, पाणी बेताने घाल. काल माझी भाकरी तव्याला चिकटली तेव्हा आई वर हसली. वडील म्हणाले, भाकरी चांगली झाली आहे. पण ती चांगली झाली नव्हती. वडिलांनी दोन खाल्ल्या."

काळुशेटच्या तोंडून हुंकार निघाला.

"आई म्हणते, तू रोज मोठ्याने धडा वाच, मला वर ऐकू येते. मी जिन्याच्या खाली बसून वाचते. वाचताना ती झोपली तर मी हळू वाचते, पण थांबत नाही, कारण थांबले की ती उठते." मालनने पान उलटलं. "आईला लिहिता येत नाही. ती म्हणाली, माझ्याबद्दल लिहितेस तर चांगले लिही. मी म्हटले, बाईंनी खरे लिहायला सांगितले आहे. ती म्हणाली, बरे तर, खरे लिही."

इथे मालन थांबली आणि तिने सखुबाईंकडे पाहिलं. शेवटची ओळ राहिली होती.

"वाच," सखुबाई म्हणाल्या.

"बाई, तुम्ही आमच्या घरी येऊन आईला बघाल का? काय करावे ते तुम्हाला माहीत असेल. तुम्ही आलात हे मी कोणाला सांगणार नाही."

 बाहेर रस्त्यावर बंदराकडे जाणाऱ्या गाड्यांची चाकं वाजत होती. सखुबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, आणि आता हा माणूस आपल्याला घराबाहेर काढील, तेच योग्य होईल, असं त्यांना वाटत होतं.

काळुशेटनी घसा साफ केला. "मालन," ते म्हणाले, "बाई केव्हाच्या उभ्या आहेत. बसायला दे त्यांना."

आतून आत्या धावत बाहेर आली. पाच महिन्यांत भावाच्या तोंडून ते नाव तिने ऐकलं नव्हतं. मालनने पाट आणून मांडला. सखुबाई बसल्या, आणि बसल्यावर त्यांना रडू आवरेना. काळुशेट त्यांच्याकडे न बघता उपरण्याच्या टोकाशी चाळा करत राहिले. क्षमा केली असं ते म्हणाले नाहीत, पुढेही कधी म्हणाले नाहीत. कागद मात्र त्यांनी मालनकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतला.

मालन त्या वर्षाअखेर शाळेतून गेली. माघात तिचं लग्न झालं आणि ती खडवलीच्या बाजूला नांदायला गेली. जाण्याआधी ती सखुबाईंच्या पाया पडायला आली होती. दोघींचं फारसं बोलणं झालं नाही.

सखुबाईंनी निबंध शिकवणं सोडलं नाही, पण पद्धत बदलली. कागद गोळा करून घरी नेणं त्यांनी बंद केलं. मुलगी लिहून झाली की तिच्याजवळ बसून त्या तो पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचत आणि तिच्याच हातात परत देत. "हा तुझा. घरी ने, ठेव, नाहीतर चुलीत घाल," असं म्हणत. तपासणीला आलेल्या साहेबांनी कागद मागितले तेव्हा दाखवायला एकही नव्हता. त्यांनी शेऱ्यात नाराजी लिहिली. सखुबाईंची बढती अडली ती अडलीच. मुलींचा विश्वास परत यायला दीड वर्ष लागलं. तोही सगळ्यांचा आला नाही.

आणखी एक सवय त्यांनी लावून घेतली. प्रत्येक सहामाहीच्या सुरुवातीला त्या वर्गातल्या प्रत्येक मुलीच्या घरी एकदा जाऊन येत. काही घरांत विधवा बाईचं येणं अशुभ मानत आणि त्यांना ओट्यावरच बसवत. त्या ओट्यावर बसत.

तिसऱ्या थंडीत साथ पुन्हा वाढली. अशाच एका घरी त्या गेल्या तेव्हा मुलीचा आजा पडवीत गोधडीखाली कण्हत होता. घरातले सगळे दारात आडवे उभे राहिले. सखुबाई त्यांच्याशी तासभर बोलत बसल्या. म्हाताऱ्याचं तोंड त्यांनी स्वतः ओल्या फडक्याने पुसलं. मग म्हणाल्या, "कचेरीत मी एकटी जाणार नाही. आपण मिळून जाऊ. आणि माळावरही मी तुमच्याबरोबर येते."

म्हातारा वाचला नाही. पण त्याला नेलं तेव्हा सून आणि नात गाडीच्या एका बाजूने चालल्या, मुलगा दुसऱ्या बाजूने, आणि सखुबाई मागून. पुढचे दहा दिवस त्या त्याच कुटुंबाबरोबर तट्ट्याच्या झोपडीत राहिल्या. शाळेत त्यांच्या नावापुढे दहा दिवस गैरहजेरी लागली.